डावा, उजवा आणि सव्यसाची

पाठपरिचय : शब्दांनाही घर असते, नातेवाईक असतात. एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेतल्या शब्दाशी कधी सख्ख्या भावासारखा वागतो, तर कधी नुसता शेजारी असतो. दोन्ही हात सारख्याच कौशल्याने वापरणाऱ्या माणसाला मराठीत ‘सव्यसाची’ म्हणतात. या पाठात लेखिकेने त्या शब्दाचा शोध घेतला आहे. हा शोध एका वहीपासून सुरू झाला.

*

सहामाही परीक्षा जवळ आली होती. मी नववीच्या मराठीच्या वह्या तपासत होते. एका मुलीच्या वहीतील अक्षर चांगले होते, पण पानभर शाई फासली गेली होती. प्रत्येक ओळीवरून कोणीतरी ओले बोट फिरवावे, तसे पान दिसत होते. मी लाल शाईने ‘अस्वच्छ लेखन’ असा शेरा मारला आणि पाचपैकी दोन गुण दिले.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत उर्दू शिकवणाऱ्या बाईंनी एक वही माझ्यापुढे ठेवली. “वर्गातली सर्वांत स्वच्छ वही!” त्या म्हणाल्या. मी नाव वाचले आणि चकित झाले. ती त्याच मुलीची वही होती. एकच मुलगी, एकच पेन. मग मराठीची वही मळकी आणि उर्दूची स्वच्छ, असे कसे?

पुढच्या तासाला मी मुलांना शुद्धलेखन घातले आणि त्या मुलीच्या बाकाजवळ जाऊन उभी राहिले. तेव्हा उलगडा झाला. ती डाव्या हाताने लिहीत होती.

विद्यार्थी मित्रांनो, हे नीट समजून घ्या. मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात नेहमी कोऱ्या कागदावरून पुढे सरकतो. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात मात्र नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून जातो. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून तेथे सारे उलट होते. तेथे डावखुऱ्या मुलाचा हात कोऱ्या कागदावर असतो आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा तळहात काळा होतो. तुमच्यापैकी अनेकांच्या करंगळीखाली उर्दूच्या तासानंतर शाई लागलेली मी पाहिली आहे. त्यासाठी कोणी तुमचे गुण कापत नाही!

मी तिला विचारले, “तू घरीही याच हाताने लिहितेस?” ती हळूच म्हणाली, “नाही टीचर. घरी उजव्या हाताने लिहावे लागते. पण परीक्षेत त्या हाताने वेळ पुरत नाही.”

दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली. मी तक्रार करीन, या भीतीने मुलीनेच तिला सर्व सांगितले होते. आई म्हणाली, “टीचर, तुम्हीच तिचा हात वळवा. उद्या लग्नाचे बघताना लोक नावे ठेवतील.” त्या दिवशी मला नीट उत्तर सुचले नाही. बी.एड.ला हस्ताक्षराचे निकष मी पाठ केले होते. पण लिहिणारा हात कोणता, हे पाहण्याचे मला कधी सुचले नव्हते. त्या रात्री मी शब्दकोश उघडून बसले आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकच शब्द लिहिला : सव्यसाची.

अर्जुनाचे नाव

हा शब्द मूळचा संस्कृत. ‘सव्य’ म्हणजे डावा. ‘साची’ हा भाग ‘सच्’ म्हणजे ‘सोबत असणे, जोडलेले असणे’ या धातूशी संबंधित आहे. ज्याचा डावा हातही कामाशी जोडलेला आहे, जो डाव्या हातानेही बाण सोडू शकतो, तो सव्यसाची. महाभारतातील अर्जुनाचे हे एक नाव आहे. भगवद्गीतेतही श्रीकृष्ण त्याला या नावाने हाक मारतो.

हे नाव का मिळाले, त्याचा खुलासा महाभारताच्या विराटपर्वात येतो. पांडव अज्ञातवासात विराट राजाकडे वेष पालटून राहिले होते. अर्जुनाने बृहन्नडा हे नाव घेऊन राजकन्येला नृत्य शिकवण्याचे काम पत्करले होते. त्यांची शस्त्रे शमीच्या झाडावर लपवलेली होती. कौरवांनी राजाची गुरे पळवली, तेव्हा राजपुत्र उत्तर लढायला निघाला आणि समोरचे सैन्य पाहून घाबरला. मग अर्जुनाने आपली खरी ओळख सांगितली. उत्तराचा विश्वास बसेना. “अर्जुनाची दहा नावे आहेत. ती आणि त्यांची कारणे सांग,” असे तो म्हणाला. अर्जुनाने दहाही नावे सांगितली. त्यांत सव्यसाची हे नाव होते. त्याचे कारण देताना त्याने सांगितले, की गांडीव धनुष्य ओढताना माझे दोन्ही हात उजवेच असतात.

सामान्य धनुर्धारी डाव्या हातात धनुष्य धरतो आणि उजव्या हाताने दोरी ओढतो. दोरी ओढायला बळ लागते आणि नेमही साधावा लागतो. अर्जुन हे काम दोन्ही हातांनी करू शकत होता. एक हात थकला, तर दुसरा तयार असे.

दोन उजवे हात

अशीच गोष्ट अरबी इतिहासातही आहे. अब्बासी खलिफा मामून याचा ताहिर बिन हुसैन नावाचा सेनापती होता. मामून आणि त्याचा भाऊ अमीन यांच्यात सत्तेसाठी युद्ध झाले. त्यात 813 साली ताहिरने बगदाद जिंकले. पुढे तो खुरासानचा सुभेदार झाला आणि 822 साली वारला. त्याचा किताब होता ‘ज़ुल-यमीनैन’. ‘यमीन’ म्हणजे उजवा हात. ‘यमीनैन’ म्हणजे दोन उजवे हात. लढाईत त्याने डाव्या हाताने इतका जबरदस्त वार केला, की त्याचे दोन्ही हात उजवे आहेत असे लोक म्हणू लागले, अशी हकिकत सांगतात.

आता युरोपात चला. दोन्ही हात सारखे चालवणाऱ्याला इंग्रजीत ‘अँबिडेक्स्ट्रस’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधून आला. ‘अँबि’ म्हणजे दोन्ही आणि ‘डेक्स्टर’ म्हणजे उजवा. अर्थ तोच : दोन्ही हात उजवे! जुन्या इंग्रजी कायद्यात मात्र याच शब्दाला वाईट अर्थ होता. दोन्ही पक्षांकडून लाच खाणाऱ्या पंचाला ‘अँबिडेक्स्टर’ म्हणत. अशा माणसाला आपण मराठीत सव्यसाची म्हणत नाही. तो दोन्ही डगरींवर हात ठेवतो, असे म्हणतो.

मी हे सांगत असताना मागच्या बाकावरून एक हात वर झाला. डावा हात. ती मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “टीचर, सगळीकडे दोन उजवे हातच का? दोन डावे हात असे कोणी का म्हणत नाही?”

वर्ग हसला. मी हसले नाही. तिने शब्दांच्या मुळावरच बोट ठेवले होते.

शब्दांत लपलेला पक्षपात

दर दहा माणसांत साधारण एक जण डावखुरा असतो. दोन्ही हात अगदी सारखे चालणारी माणसे तर फारच थोडी, शंभरात जेमतेम एक. शब्द घडवले ते उरलेल्या बहुसंख्य लोकांनी. म्हणून शब्दांत उजव्याचा मान मोठा आहे.

‘उजवा’ हा शब्द ‘ऋजु’ म्हणजे ‘सरळ’ या संस्कृत शब्दाशी जोडतात. उर्दूतही आपण उजव्या हाताला ‘सीधा हाथ’ आणि डाव्याला ‘उल्टा हाथ’ म्हणतो. म्हणजे दोन्ही भाषांचा विचार एकच. मराठीत सरस ठरणे म्हणजे ‘उजवे ठरणे’. विश्वासू मदतनीस म्हणजे ‘उजवा हात’. याउलट एखाद्याला बाजूला सारणे म्हणजे ‘डावलणे’. सोपे काम म्हणजे ‘डाव्या हाताचा मळ’. उर्दूत तेच ‘बाएँ हाथ का खेल’. माणसामाणसांत भेद करणे म्हणजे ‘डावे-उजवे करणे’. लॅटिनमध्ये डाव्याला ‘सिनिस्टर’ म्हणत; इंग्रजीत आज त्याचा अर्थ ‘अशुभ, कपटी’ असा आहे. (खेळाचा ‘डाव’ मात्र वेगळा. तो उर्दूतल्या ‘दाँव’चा भाऊ आहे, ‘डावा’चा नव्हे.)

सव्य शब्दाने मराठीत आणखी एक घर केले आहे. काही धार्मिक विधींत जानवे कधी डाव्या खांद्यावर, तर कधी उजव्या खांद्यावर घ्यावे लागते. पहिले सव्य, दुसरे अपसव्य. ही अदलाबदल पुन्हा पुन्हा करावी लागते. त्यावरून ‘सव्यापसव्य’ म्हणजे खटाटोप, नसती यातायात. ‘रेशनकार्डावरचे नाव दुरुस्त करायला केवढे सव्यापसव्य करावे लागले!’ असे वाक्य तुम्ही मोठ्यांच्या तोंडी ऐकले असेल. गंमत म्हणजे कोशांत सव्य शब्दाचा ‘उजवा’ असाही अर्थ दिलेला आढळतो. म्हणून वाक्य पाहूनच त्याचा अर्थ ठरवावा.

दिशाही हातांवरून ठरल्या. सकाळी वसईच्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून उभे राहा. समोर तुंगारेश्वरच्या डोंगरामागून सूर्य वर येत असतो. तुमचा उजवा हात वसईच्या खाडीकडे आणि भाईंदरकडे असेल, डावा हात विरारकडे आणि वैतरणा नदीकडे. म्हणजे उजवीकडे दक्षिण, डावीकडे उत्तर. संस्कृतात ‘दक्षिण’ या एकाच शब्दाचे ‘उजवा’ आणि ‘दक्षिण दिशा’ असे दोन्ही अर्थ आहेत. उर्दूतला ‘दाहिना’ हा शब्द त्यातूनच निघाला. दख्खन हा मुलूख आणि आपली जुनी दखनी बोली यांची नावेही त्यातूनच आली. अरबी लोकही पूर्वेकडे तोंड करून दिशा मोजत. म्हणून उजव्या बाजूचा देश तो यमन. आणि तुम्ही उत्तरेला ‘शुमाल’ म्हणता, त्याचे नाते डाव्या हाताच्या ‘शिमाल’ या अरबी शब्दाशी आहे. दोन दूरच्या भाषा, पण सूर्यापुढे उभे राहण्याची रीत एक!

मी त्या मुलीला म्हणाले, “तुझा प्रश्न बरोबर आहे. लॅटिन आणि अरबी शब्दांत दोन्ही हात उजवे झाले. डाव्याचे नावच उरले नाही. पण सव्यसाची या शब्दात पाहा. त्यात उजव्याचे नाव नाही. सव्य म्हणजे डावा, तोच शब्दाच्या सुरुवातीला आहे. उजव्या हाताने बाण सोडणारे पुष्कळ होते. अर्जुनाला हे नाव मिळाले ते डाव्या हातामुळे.”

मैदानावरचा सव्यसाची

मुलांना क्रिकेटचे उदाहरण हवे असते. सचिन तेंडुलकर उजव्या हाताने फलंदाजी आणि गोलंदाजी करत असे, पण सही डाव्या हाताने करतो. याहून मोठे उदाहरण सुनील गावसकर यांचे आहे. 1981-82 च्या हंगामात रणजी करंडकाचा उपांत्य सामना बंगळूर येथे मुंबई आणि कर्नाटक यांच्यात झाला. खेळपट्टीवर चेंडू खूप वळत होता. कर्नाटकचे डावखुरे फिरकी गोलंदाज रघुराम भट यांनी मुंबईच्या फलंदाजांना जखडून ठेवले होते. त्यांचा चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्यापासून दूर वळत होता आणि बॅटची कड घेण्याची भीती होती. मुंबईचे कर्णधार गावसकर यांनी दुसऱ्या डावात एक अजब गोष्ट केली. भट गोलंदाजी करत, तेव्हा ते डाव्या हाताने खेळले. दुसरा गोलंदाज आला, की पुन्हा उजव्या हाताने. ते शेवटपर्यंत बाद झाले नाहीत. पहिल्या डावातील आघाडीमुळे कर्नाटक अंतिम सामन्यात गेले, पण मुंबईचा पूर्ण पराभव टळला. जो हात कधी पुढे आला नव्हता, तो अडचणीत कामी आला.

शब्दाचा नवा अर्थ

आज धनुष्यबाण उरले नाहीत, पण शब्द उरला. त्याचा अर्थही पसरला. अनेक क्षेत्रांत सारखेच कौशल्य दाखवणाऱ्यालाही आता सव्यसाची म्हणतात. आचार्य अत्रे (1898–1969) हे असेच एक उदाहरण. ते शिक्षक होते, कवी होते, नाटककार होते. ‘नवयुग’ आणि ‘मराठा’ ही पत्रे त्यांनी चालवली. शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी वाचनमाला तयार केली. त्यांच्या ‘श्यामची आई’ या चित्रपटाला 1954 साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

काही कामे मात्र आजही खरोखर दोन हातांची आहेत. तबल्याचेच पाहा. उजव्या हाताखाली तबला, डाव्या हाताखाली डग्गा. उर्दूत त्यांना दायाँ आणि बायाँ म्हणतात. उस्ताद अहमदजान थिरकवाँ यांनी बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत कित्येक वर्षे साथ केली. एका हाताने नाद घुमवायचा, दुसऱ्याने बोल खुलवायचे. त्यांत मोठा कोण आणि धाकटा कोण?

आपल्या गावची शिळा

शेवटी आपल्याच गावाकडे येऊ. नालासोपाऱ्याजवळच्या सोपारा गावात 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा एक तुकडा सापडला. पुढे जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. हे शिलालेख ब्राह्मी लिपीत आहेत. ब्राह्मी डावीकडून उजवीकडे लिहीत. मात्र याच अशोकाने शहाबाजगढी आणि मानसेहरा येथे (आज हे दोन्ही भाग पाकिस्तानात आहेत) आपले लेख खरोष्ठी लिपीत कोरवले. खरोष्ठी उर्दूप्रमाणे उजवीकडून डावीकडे लिहीत. राजा एक, सांगणे एक. लोकांना जी लिपी वाचता येई, त्या लिपीत ते कोरले.

मुलांनो, तुम्हीही रोज हेच करता. सकाळी उर्दूची वही उजवीकडून उघडता, तासाभराने मराठीची वही डावीकडून उघडता. तुमचे डोळे दोन्ही दिशांना धावायला शिकले आहेत. एकच लिपी जाणणाऱ्या मुलाला हे जमत नाही. उर्दू तुमचा उजवा हात असेल, तर मराठीला डावा हात समजा. सुरुवातीला तो अडखळतो, अक्षर वेडेवाकडे येते, लोक हसतात. पण त्याला डावलू नका. बाजारात, तलाठ्याकडे, दवाखान्यात, नोकरीच्या मुलाखतीत तोच हात पुढे करावा लागणार आहे. उजवा हात बांधून डावा शिकायचा नसतो. दोन्ही मोकळे ठेवायचे असतात.

त्या मुलीच्या आईला मी पुन्हा बोलावले. म्हणाले, “जेवणाची अदब ती उजव्या हातानेच पाळते, ती तशीच पाळू द्या. पण लेखणी ज्या हातात सोपी पडते, त्या हातात राहू द्या. दुसऱ्या हाताने लिहायला ती हौसेने शिकली, तर चांगलेच आहे. धाकाने मात्र नको. धाकाने दोन हात तयार होत नाहीत. असलेला एकही थांबतो.” आई बराच वेळ गप्प होती. मग तिने मुलीची मराठीची वही मागून घेतली आणि तेथेच बसून पाने उलटली. जाताना म्हणाली, “तिच्या अब्बांना ही वही दाखवते.”

आम्ही तीन लहान बदल केले. तिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवले, म्हणजे शेजारणीच्या कोपराला तिचा कोपर लागत नाही. मराठी लिहिताना वहीचे वरचे टोक थोडे उजवीकडे कलते ठेवायला सांगितले, म्हणजे हात ओळीच्या खाली राहतो. शाईच्या पेनाऐवजी लवकर वाळणारे बॉलपेन दिले. पुढच्या महिन्यात तिची मराठीची वही आली. एकदोन डाग होते, पण पान वाचता येत होते.

मी तिची जुनी वही मागून घेतली. ‘अस्वच्छ लेखन’ हा माझा शेरा खोडला आणि खाली सही केली. त्या पानावर चूक माझी होती.

*

शब्दार्थ

सव्य – डावा (बायाँ). सव्यसाची – दोन्ही हात सारखेच चालवणारा. अनेक क्षेत्रांत निपुण. डावखुरा – डाव्या हाताने काम करणारा. उलगडा होणे – गोष्ट स्पष्ट होणे. निकष – कसोटी (मेयार). अज्ञातवास – ओळख लपवून राहणे. सुभेदार – प्रांताचा अधिकारी (सूबेदार). पक्षपात – एका बाजूला झुकणे (तरफ़दारी). उपांत्य – शेवटच्या आधीचा. आज्ञालेख – राजाने कोरून घेतलेली आज्ञा (फ़रमान). यातायात – त्रास, दगदग. धाक – भीती, दरारा (ख़ौफ़).

वाक्प्रचार

उजवे ठरणे – सरस ठरणे. डावलणे – मुद्दाम बाजूला ठेवणे. डावे-उजवे करणे – भेदभाव करणे. डाव्या हाताचा मळ असणे – अगदी सोपे असणे. दोन्ही डगरींवर हात ठेवणे – दोन्ही पक्षांना खूश ठेवून स्वार्थ साधणे.

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलीची उर्दूची वही स्वच्छ का होती?
(आ) अर्जुनाने सव्यसाची या नावाचे कोणते कारण सांगितले?
(इ) ‘ज़ुल-यमीनैन’ हा किताब कोणाचा होता?
(ई) सोपारा येथे सापडलेला अशोकाचा लेख कोणत्या लिपीत आहे?

प्र. 2. जोड्या लावा.
‘अ’ गट : ऋजु, दक्षिण, डेक्स्टर, खरोष्ठी.
‘ब’ गट : लॅटिन शब्द, उजवीकडून डावीकडे, दाहिना, सीधा.

प्र. 3. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लॅटिन व अरबी शब्दांपेक्षा सव्यसाची हा शब्द कोणत्या बाबतीत वेगळा आहे?
(आ) गावसकर यांनी हात का बदलला?
(इ) लेखिकेने आपला शेरा का खोडला?

प्र. 4. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
डावलणे, उजवे ठरणे, सव्यापसव्य करणे.

प्र. 5. तुमचे मत लिहा.
‘एखाद्या मुलाचा डावा हात जबरदस्तीने वळवावा का?’ यावर दहा ओळी मराठीत लिहा. तुमच्या घरात कोणी डावखुरे असेल, तर त्याचा अनुभव विचारून लिहा.

उपक्रम : आपले नाव उर्दूत आणि मराठीत, आधी उजव्या आणि मग डाव्या हाताने लिहा. कोणत्या वेळी हाताला शाई लागली, याची नोंद करा आणि वर्गात सांगा.